पाहिले, चाचपले, सही केली

सोमवार, ४ तारीख

नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी तक्रार करणे शिष्टसंमत नाही, हे मला मान्य आहे. पण अन्याय मुकाट्याने गिळणाराही दोषीच, म्हणून लिहून ठेवतो. मला इथे क्रमांकाच्या ज्या चिकटपट्ट्या दिल्या आहेत, त्या भिंत सोडून चराचरात सर्वत्र चिकटतात. सकाळपासून एक बाहीला, एक चष्म्याच्या काडीला आणि एक थेट डब्यातल्या पोळीला चिकटली. दुपारी मुकादमाने माझ्या पाठीवरून ‘५/१२’ सोलून काढली आणि विचारलं, काय साहेब, तुम्हालाही भरून घेतलं वाटतं? सगळे हसले. मीही हसलो. नव्या माणसाने हसायला उशीर करू नये.

ताई, ही वही रविवारी तुला वाचून दाखवायची आहे, तेव्हा जरा नटवून लिहितोय. एकोणतीस वर्षं मुलांना संस्कृत शिकवल्यावर शाळेच्या अचानक लक्षात आलं की ही भाषा मेलेली आहे. आता तुझा भाऊ भोकांचा नोंदणीकार आहे. हसू नकोस. या शुश्रूषागृहाच्या पश्चिमेकडच्या भागाची दुरुस्ती संपत आली आहे. भिंतींतून नळ, तारा, हवेच्या नळ्या आरपार जातात, आणि जिथून नळ जातो तिथे त्याच्याभोवती फट उरते. आग लागली की धूर त्या फटीतून शेजारच्या खोलीत, वरच्या मजल्यावर जातो. म्हणून प्रत्येक फट बुजवायची. दगड वितळवून काढलेली एक लोकर असते, ती आत ठासायची. वरून तांबडा लेप, जो उष्णतेने फुगून आणखी घट्ट बसतो. मग भोकाला क्रमांक, फोटो आणि वहीत नोंद. वहीत छापील तीन रकाने आहेत: पाहिले, चाचपले, सही. पहिल्या दोनांत खूण करायची, तिसऱ्यात मी.

इथे भिंत फुटांत नाही, तासांत मोजतात. ही एक तासाची, ती दोन तासांची; पलीकडे आग असेल तर तेवढा वेळ ती थोपवणार. माणसांवरही असं लिहिलेलं असतं तर किती सोय झाली असती! तू दोन तासांची, ताई. मी फार तर पंचवीस मिनिटं.

व्यवस्थापकबाईंनी पदभाराचा कागद पुढे केला. ‘घेणाराची सही’ मी केली. ‘देणाराची सही’ कोरी. मी विचारलं तर म्हणाल्या, आधीचे गृहस्थ आता नाहीत, ती जागा तशीच राहू द्या. आणि मुख्य बातमी शेवटी सांगतो, कारण गोड शेवटी वाढायचं असतं: कर्मचाऱ्याच्या नातलगाला इथे खोली मिळते. तुझं नाव लागलं आहे. सहावा मजला, मोठी खिडकी. २१ तारखेला हा भाग उघडतो.

मंगळवार, ५ तारीख

मुकादम हा मोठा रसिक माणूस. भोक दाखवताना असा चेहरा करतो की जणू जावई दाखवतोय. आज त्याने प्लास्टिकच्या नळाभोवतीचं लोखंडी कडं दाखवलं. आगीत नळ वितळतो, तेव्हा कड्यातला मसाला फुगतो आणि नळाचा गळा आवळून टाकतो. मी म्हटलं, हे तर आमच्या मुख्याध्यापकांसारखं. तो म्हणाला, आमच्या सासूसारखं. एकमत झालं.

मीही त्याला थोडं शास्त्र शिकवलं. तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात डोंगर असतो. डोंगरावर धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग. म्हणून डोंगरावर आग आहे. दोन हजार वर्षं कोणालाही या उदाहरणात खोट सापडलेली नाही. मुकादम विडी विझवत म्हणाला, साहेब, धूर एकीकडे आणि आग तिसरीकडेच असते, म्हणून तर आमचं पोट चालतं.

गुरुवार, ७ तारीख

आज तुझी खोली पाहिली. पलंग लागला आहे, त्याला लोखंडी कठडा. म्हणजे तुझा चमचा इथेही चालणार! एकदा वाजवला की हो, दोनदा नाही, तीनदा म्हणजे ये. तुझी वाचा गेल्यापासून तीन खुणांत तू जेवढं बोलतेस, तेवढं पूर्वी तीन तासांतही बोलत नव्हतीस. (दोनदा वाजवू नकोस. विनोद होता.)

मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशी भेटल्या. इथे बावीस वर्षं आहेत. मी त्या चमच्याचं सांगितलं तर म्हणाल्या, या मजल्यावर सगळे तसेच बोलवायचे. मग एकच खिडकी बराच वेळ पुसत राहिल्या.

रविवार, १० तारीख

तुला वाचून दाखवलं. मुकादमाच्या सासूला तुझ्या ओठाचा उजवा कोपरा हलला. पंचवीस मिनिटांना दोनदा चमचा. म्हणजे त्याहून जास्त की कमी, ते काही कळलं नाही.

तुझ्या सध्याच्या शुश्रूषागृहातल्या परिचारिकेने बजावलं की २० तारखेच्या दुपारनंतर त्या इमारतीत कोणी राहू शकणार नाही. तिथे आता दुकानं होणार. म्हटलं, काळजी नको, सगळं ठरलंय.

मंगळवार, १२ तारीख

सहाव्या मजल्याचं काम संपलं. मी पोचेपर्यंत रंगाऱ्यांनी छताच्या पाट्यासुद्धा बसवून टाकल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र. तपासायची उरलेली भोकं त्यांच्या वर. एकेक पाटी उचलून पाहायची तर सत्तावीस भोकं, म्हणजे शिडीवर सत्तावीस वाऱ्या. सव्वातीन वाजले होते आणि तुझ्याकडची भेटीची वेळ चार ते पाच. मुकादम म्हणाला, वर काय बघायचंय साहेब, मी स्वतः भरलंय, हे घ्या फोटो, उगाच हाताचे डाग पडतील पाट्यांना.

सत्तावीस सह्या केल्या. हे वाचून दाखवताना हा परिच्छेद गाळावा का? नको. तुझ्यापासून काय लपवायचं! तुझ्याकडे सहा मिनिटं आधी पोचलो. आणि नवल म्हणजे आज चिकटपट्ट्या पहिल्या दणक्यात चिकटल्या.

बुधवार, १३ तारीख

तुझ्या खोलीत खिडकीचं माप घेत होतो. वरून आवाज आला. टक, टक, टक. धातूवर धातू. नळातलं पाणी असणार. पण पाणी अजून सोडलेलं नाही, असं मुकादम म्हणाला. मग हवा असेल.

कचेरीच्या कपाटात जुनी वही सापडली, आगीच्या आधीची. हो, इथे आग लागली होती, चार वर्षांपूर्वी. मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. दुरुस्ती कशाची, हे कोण विचारतं? मावशींना विचारलं. बादली खाली ठेवून त्यांनी सांगितलं. तिसऱ्या मजल्यावर कपड्यांना इस्त्री करतात, त्या खोलीत लागली. वीस मिनिटांत विझली. वर गेलीच नाही. धूर मात्र नळांच्या उभ्या बोगद्यातून चढला आणि सहाव्यावर एका भोकातून बाहेर पडला. अकरा माणसं. कोणीही पलंगावरून उठू शकणारं नव्हतं. मावशी तेव्हा जिन्यात होत्या, दार उघडता येईना. त्या म्हणाल्या, आतून चमचे वाजत होते. सगळ्यांचे. मग एकेक कमी होत गेले. शेवटी एकच होता, तो बराच वेळ वाजला.

जुन्या वहीत ते भोक काढून पाहिलं. क्रमांक ६/४१. पाहिले, खूण. चाचपले, खूण. खाली आधीच्या गृहस्थांची सही, सुरेख वळणाची. तारखेला वार मंगळवार होता.

६/४१ तुझ्या पलंगाच्या बरोबर वर आहे.

गुरुवार, १४ तारीख

ताई, हे पान तुला वाचून दाखवणार नाही.

शिडी लावून सगळ्या पाट्या उचलल्या. सव्वीस भोकं भरलेली, सुबक. मुकादम लबाड नाही. फक्त ६/४१ उघडं. दोन नळ, एक तार आणि भोवती वीतभर अंधार. फोटो पुन्हा काढून पाहिला. तो ५/४१चा आहे. खालच्या मजल्यावर तस्साच नळ, तश्शीच तार. मुकादमाला फोन केला. त्याची माणसं कालच दुसऱ्या कामावर गेली. आठवून म्हणाला, हो, तारवाले आणखी एक तार ओढणार होते, म्हणून ते एक ठेवलं होतं, राहूनच गेलं. मग अगदी मवाळपणे: पण साहेब, वहीत तर तुम्ही चाचपलंय.

भोकातून धुराचा वास येतो. जुना, ओल्या राखेसारखा. डोंगराचा धडा आठवला. जिथे धूर तिथे आग. तिसऱ्यावर जाऊन आलो. इस्त्रीची खोली रिकामी, फरशी थंडगार.

शुक्रवार, १५ तारीख

व्यवस्थापकबाईंच्या दारापर्यंत दोनदा गेलो. सांगितलं तर काय होईल ते ठाऊक आहे. एक सही खोटी म्हणजे सगळ्या संशयित. सगळी तपासणी पुन्हा. एक महिना तरी. आणि तुझा पलंग २० तारखेला जाणार. तुला कुठे ठेवू? माझ्या खोलीत दारातून चाकांची खुर्चीसुद्धा जात नाही.

तिसऱ्यांदा आत गेलो. त्यांनी विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, चिकटपट्ट्या संपल्या.

गोदामात लेपाचा अर्धा डबा आहे आणि लोकरही. मीच भरतो. त्यात काय मोठंसं! तू माझ्या फाटक्या दप्तराला ठिगळं लावायचीस, तेवढंच. तेव्हा वर म्हणायचीस, तुझं संस्कृत घाल चुलीत आणि सुई धरायला शीक.

शनिवार, १६ तारीख

सकाळी भरलं. ठासून. लेप दोन बोटं जाड. पाहिले. चाचपले.

दुपारी चारला शंका आली म्हणून पाटी उचलली. रिकामं. लोकर तुझ्या पलंगावर पडली होती, उशीच्या जागी, नीट ठेवल्यासारखी. पाटी जागच्या जागी होती. मग लोकर खाली आली कुठून?

रविवार, १७ तारीख

तुझ्याकडे आलो, पण वही विसरलो असं सांगितलं. तू दोनदा चमचा वाजवलास. खोटं बोललो की तुला पूर्वीपासून कळतं.

परत येऊन पुन्हा भरलं.

सोमवार, १८ तारीख

पुन्हा पलंगावर. या वेळी लेप ओला होता आणि त्यात पाच बोटं उमटलेली. माझी नाहीत. माझ्या अंगठ्यावर लहानपणचा तो कापल्याचा व्रण आहे, तुला माहीत आहे. यात नाही.

मावशींना दाखवलं. त्या घाबरल्या नाहीत. रडल्या. मग सांगितलं ते असं. आगीनंतर आधीच्या गृहस्थांना कोणी शिक्षा केली नाही. चौकशीत ठरलं की वही बरोबर होती. ते मात्र रोज चारला शिडी घेऊन सहाव्यावर यायचे आणि ६/४१मध्ये उजवा हात कोपरापर्यंत घालून उभे राहायचे. तासभर. कोणी हटकलं तर म्हणायचे, भरतोय. लोक त्यांना काही बोलायचे नाहीत. एक दिवस पाच वाजले तरी उतरले नाहीत, म्हणून मावशी बघायला गेल्या. शिडी होती. वर कोणी नव्हतं. चपला शेवटच्या पायरीवर, शेजारी शेजारी.

विचारलं, माणूस वीतभर भोकातून कसा जाईल? मावशी म्हणाल्या, मी कुठे म्हणते गेला? मी म्हणते, उतरला नाही.

मंगळवार, १९ तारीख

आज ठरवून हात घातला. मनगटापर्यंत काही नाही. कोपरापर्यंत — उष्ण. श्वासासारखं नाही, इस्त्रीसारखं. आणि मग माझ्या बोटांना बोटं लागली. थकलेली. पकडत नव्हती, ताई. नुसती टेकली होती, जशी एखाद्याने ओझं खाली ठेवायच्या आधी दुसऱ्याच्या हाताला —

हात काढला. खाली उतरलो.

कचेरीत पदभाराचा कागद काढला. का काढला, सांगता येत नाही. ‘देणाराची सही’ कोरी नाही. काजळीने केलेली, सुरेख वळणाची.

आता सांगणारच. उद्या सकाळी, तोंडाने जमलं नाही तर लिहून.

बुधवार, २० तारीख. दुपार

व्यवस्थापकबाई बाहेरगावी. उद्याच्या समारंभाला पाहुणे आणायला गेल्यात. फोन उचलत नाहीत. चिठ्ठी लिहिली — ६/४१ मी पाहिलं नाही, चाचपलं नाही, सही माझी आहे — आणि मावशींजवळ दिली. कोणालाही द्या म्हटलं. बाई आल्या तर लगेच त्यांना.

अडीचला तुझी गाडी आली. गाडीबरोबरची माणसं थांबायला तयार नाहीत. मी हात जोडले. खाली ठेवा, कचेरीत ठेवा, कुठेही. म्हणाले, कागदावर सहावा मजला आहे, साहेब, तुमचीच सही आहे. तुला खोलीत निजवून गेले. तू खिडकीकडे पाहिलंस. एकदा चमचा वाजवलास. हो.

एवढं आवडलं तुला.

तीन पंचवीस

वास वाढलाय. तुला ढास लागली. तुला उचलायला गेलो — नाही जमलं. माझी पाठ. मावशी चिठ्ठी घेऊन गेल्यात, आल्या की दोघं मिळून —

पाटी उचलली. धूर दिसतोय आता. बारीक, सरळ खाली येणारा. धूर कधी खाली येतो का? तिसऱ्यावरच्या रंगाऱ्यांना फोन केला, वर या म्हटलं. म्हणाले, इथे काही नाही, सगळं थंड, आणि फोन ठेवून दिला. म्हणजे धूर आहे आणि आग नाही. धडा खोटा पडला. की आग आहे, फक्त — झालेली? व्हायची?

चार

उजवा हात आत घातलाय. डाव्याने लिहितोय, वही शिडीवर. अक्षराला हसू नकोस.

हात घातला की धूर थांबतो. तुझी ढास थांबली. काढून पाहिला एकदा — लगेच सुरू.

ती बोटं आहेत. माझ्या तळव्यावर तीनदा टकटक केलं. ये. मी दोनदा केलं. मग पुन्हा तीनदा, फार हळू. ताई, त्याला काही करायचं नाही मला. त्याला फक्त हात काढायचाय. चार वर्षं झाली.

चार दहा

बोटं सुटली. आता आत मी एकटाच.

मागे चमचे वाजतायत. लांब. मोजले. अकरा.

हात खांद्यापर्यंत गेलाय. मी ढकलला नाही.

चार वीस

पंचवीस मिनिटं म्हणालो होतो ना. जास्त की कमी ते तू सांगितलं नाहीस.

चपला काढून ठेवल्यात. घसरायला होत होतं.

मावशी येतीलच. पायऱ्या वाजल्यासारख्या —

नाही.

हे पान तुला कोणीतरी वाचून दाखवेल. तेव्हा मधलं न गाळता. मला भुताची भीती नाही वाटत, ताई. अंधाराचीही नाही. इतके दिवस थट्टेखाली झाकत होतो ते एवढंच: मी पाहिलं नव्हतं. तुझ्याकडे यायची घाई होती, आणि त्या घाईत तुलाच मी या भोकाखाली आणून निजवलं. काळजी एकच. माझा हात थकला तर तुला उठता येत नाही, आणि तू चमचा वाजवशील, आणि मी इथे वर असून मला खाली —

वाजवलास.

एकदा. दोनदा. ति